साताचा कंबरपट्टा

भावजी,

परवा वॉर्ड ऑफिसात तुमची नोंद करायला गेले होते. फॉर्म मीच भरला. खिडकीतल्या कारकुनाने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाला, "मावशी, वयाच्या रकान्यात हे काय? चार आणि एफ?"

"सात आहे तो," मी म्हटलं. "सत्तेचाळीस."

"मग पोटातून रेघ कशाला मारलीत?"

"तो कंबरपट्टा आहे."

तो बघतच राहिला. मागचा माणूस करवादला, "चला ना बाई, लाईन केवढी झालीय!" मी पावती घेऊन बाजूला झाले, आणि तुम्ही गेल्यापासून जे रडू अडून बसलं होतं ते तिथे आलं, वॉर्ड ऑफिसच्या जिन्यात, भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्यांकडे तोंड करून. हसाल तुम्ही. सगळं घर स्मशानातून आलं तेव्हा मी चहा टाकत होते, तुमच्या सुमतीला सावरत होते. आणि एका आकड्यापायी रडले.

आज तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले. सुमती आत पडलीय, पोरं आपापल्या कामाला. मी गॅलरीत बसून हे लिहितेय, आणि कशावर लिहितेय तर माझ्या कामावरच्या, पंचिंगच्या वाया गेलेल्या कार्डांच्या पाठीवर. घरात ढीग आहे अजून. वाण्याची यादी यावरच, धोब्याचे कपडे यावरच, आता तुम्हाला पत्र पण यावरच. मध्ये मध्ये भोकं आहेत, शब्द तुटतात. समजून घ्या. तुम्ही माझं अक्षर पहिल्यापासून समजून घेत आलात.

पहिल्यापासून म्हणजे तुमचे दादा गेले तेव्हापासून. मी चार बुकं मराठी शिकलेली, पदरात एक मुलगी. तुम्ही मला मरोळच्या कंपनीत पॅकिंगला लावलंत. विजेची बटणं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायची, दिवसभर उभ्याने. संध्याकाळी असल्फ्याच्या आपल्या खोलीत येऊन पाय परातीत सोडून बसायचे, तेव्हा तुम्ही हजेरीचे जुने छापील कागद घेऊन समोर बसायचात. "वैनी, पाय परातीत आहेत, हात मोकळे आहेत ना? मग लिहा." एबीसीडी शिकवलीत ती अशी. ए म्हणजे घराचं छप्पर, बी म्हणजे दोन पोटांचा भटजी. आणि इंग्रजी आकडे. माझा सात तुम्हाला एकासारखा दिसायचा. "याला कंबरपट्टा बांधा वैनी, नाहीतर गर्दीत हरवेल. लग्नातली बाई आहे ती, एक म्हणजे नुसता काठीसारखा बाप्या." तेव्हापासून माझ्या प्रत्येक साताला कंबरपट्टा आहे.

तुम्ही गेटवर टाइमकीपर. फळ्यावर पितळी बिल्ले टांगलेले, माणूस आला की आपला बिल्ला काढून तुमच्यासमोर टाकणार आणि तुम्ही वहीत खूण करणार. पण बिल्ल्याचा नंबर बघताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. नावाने पण नाही, कारण कोकणातली अर्धी माणसं तिथे, सावंत म्हणून हाक मारली तर सात डोकी वळायची. तुम्ही गावाने हाक मारायचात. "काय कणकवली, आज उशीर?" "आचरा, बायको आली काय दवाखान्यातून?" "माणगाव, तू ताप घेऊन आलायस. परत जा, मी सांगतो फोरमनला." तुमची ती वही म्हणजे कोकणाचा नकाशाच होता. माझी मुलगी म्हणायची, काका गेटवर बसत नाही, बंदरावर बसतो.

मग मशीन आलं.

आधी नुसती बातमी. मोठ्या कंपन्यांत इलेक्ट्रॉनिक मेंदू येणार, शंभर कारकुनांचं काम एकटा करणार. तुम्ही म्हणालात, मेंदू येऊ दे, त्याला गेटवर उभा करा आणि विचारा कणकवलीचा कोण. सगळे हसले. मग आपल्याकडे लाकडी पेटाऱ्यांतून खरंच सामान आलं. एक खोली बंद करून गार केली. त्या मशीनला उकाडा सोसत नाही म्हणे. पॅकिंगला आम्ही बाया घामाने निथळायचो, एक पंखा मागितला तर मिळाला नाही कधी, आणि हे लोखंड मे महिन्यात गारव्यात बसलेलं. कार्डांना भोकं पाडायला, म्हणजे पंचिंगला, बाया पाहिजेत अशी नोटीस लागली. इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता आले की पुरे, बाकीचं ते शिकवणार होते. ती नोटीस मला कोणी वाचून दाखवली? तुम्हीच. "वैनी, बसून काम आहे. जा." तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं ना, भावजी. मलाही नव्हतं.

चाळिशीची बाई मी, पोरींमध्ये जाऊन बसले. समोर टाइपरायटरसारख्या कळा, कळ दाबली की खट्ट, कार्डाला चौकोनी भोक. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. मी एक कार्ड पाडायचे, शेजारची लीना तोच कागद बघून तेच परत टाइप करायची, दोघींचं जुळलं तर कार्ड पुढे, नाहीतर लाल दिवा. मला आवडायचं, भावजी. आज सांगते, तेव्हा तुमच्यासमोर सांगायची चोरी होती. खुर्ची होती. अंगावर शाल घेऊन बसायचे, मोठ्या घरच्या बाईसारखी.

आणि तुमच्या टाइम ऑफिसातल्या खुर्च्या कमी व्हायला लागल्या. गेटवर सभा सुरू झाल्या, ऑटोमेशन मुर्दाबाद. आम्ही पंचिंगच्या बाया आत जायला निघालो की कोणीतरी ओरडायचं, "आल्या भोकंवाल्या! आमच्या भाकरीला भोकं पाडून आल्या!" तुम्ही ओरडणाऱ्यांत नव्हतात, पण त्यांच्यात उभे असायचात. मला बघितलं की मान खाली.

घरी मात्र मान वर. आठवतं? भाताचं ताट पुढ्यात आणि आपण भांडतोय, सुमती डाव धरून उभी.

"वैनी, तुमच्या कार्डात माणूस आजारी दिसतो काय?"

"नाही दिसत. पण फोरमनला राग आला म्हणून बाईची हजेरी खोडता पण येत नाही. पॅकिंगला माझी तीनदा खोडली होती. तुमच्या वहीत होती ना ती? खोडलेली? तुम्ही काय केलंत?"

तुम्ही भाताला आळं करत बसलात. मग म्हणालात, "नंबरला गाव नसतं."

"बरंच आहे. गाव नाही, जात नाही, विधवा आहे की सवाशीण ते नाही. नंबर नुसता नंबर."

"म्हणजे नुसतं काहीच नाही."

सुमती म्हणाली, "भात गार झाला. मशीन जेवणारेय का हा?" आपण दोघंही हसलो आणि जेवलो. पण भांडण मिटलं नव्हतं. ते अजून तसंच आहे, गार भातासारखं. मला वाटतं तुमचंही बरोबर होतं आणि माझंही. यावर काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच वर्षी गणपतीला मी पिशवीभर चुरा आणला होता. भोकं पाडली की खाली पडतो ना, तांदळाच्या कणीसारखा, तो. पोती भरून फेकून द्यायचे. पोरांना कैलास पर्वत करायचा होता, बर्फ म्हणून तो चुरा. रागावलेले तुम्ही, तरी खळ लावून रात्रपाळीच्या माणसासारखे चिकटवत बसलात. मूठभर चुरा तळहातावर घेऊन म्हणालात, "वैनी, हे सगळं माणसांच्या नावांतून पडलंय." मी म्हटलं, "अशुभ बोलू नका, देव बसायचाय." तुम्ही चुरा फुंकलात, माझ्या केसांत गेला. दोन दिवस निघत होता.

आता ते सांगते जे अकरा वर्षं सांगितलं नाही.

एका शनिवारी दुपारी साहेबांकडून माझ्या टेबलावर यादी आली. जादा माणसांची, म्हणजे ज्यांना कामावरून काढायचं त्यांची. टाइम ऑफिस आणि स्टोअर, दोन्हीकडची मिळून एकोणीस नावं, नुसतं आडनाव, आद्याक्षरं आणि बिल्ल्याचा नंबर. खातं लिहिलेलं नाही. हाताने लिहिलेली यादी, त्यातही मूळ कागद फोर्टच्या हेड ऑफिसला गेलेला, आमच्याकडे कार्बनची प्रत. साहेब दौऱ्यावर. बजावून ठेवलेलं की या खोलीतलं बाहेर गेलं तर तुम्ही पण बाहेर.

नववं नाव. सावंत एस. आर. नंबर चारशे दहा आणि काहीतरी. शेवटचा आकडा एक की सात, कळेना.

तुम्ही चारशे सतरा. आणि चारशे अकरा तो कुंभवड्याचा सावंत, स्टोअरमधला. तुम्ही सदाशिव, तो सीताराम. साहेब कधी साताला रेघ द्यायचे, कधी विसरायचे. त्या आकड्याच्या कमरेशी काहीतरी होतं. रेघ होती, की कार्बनचा डाग होता. मी कागद उजेडात धरला, तिरका केला, बोटाने पुसून पाहिला. भावजी, मी तो आकडा इतका वेळ बघितला की तो आकडाच राहिला नाही.

ते कार्ड मी सोमवारवर टाकलं.

रविवारी सकाळी मी गॅलरीत जवळा निवडत होते, तुम्ही स्टोव्हला पिन मारत होतात. मी विचारलं, "भावजी, तुमच्याच आद्याक्षरांचा तो सावंत, स्टोअरमधला. कसा आहे हो माणूस?"

"कुंभवड्याचो? बरो माणूस. कित्याक?"

"सहज."

"वैनी, तुम्ही सहज काही विचारत नाही."

"सांगा की."

आणि तुम्ही सांगत सुटलात. तुम्हाला कोणाचं गाव काढून दिलं की पुरे. दोन मुली आहेत, बायकोला आठवा चाललाय, आई अंथरुणावर. काम चोख, पण बोलायला गेला की अडखळतो. "देवाने जीभच अडकवून दिलीय बिचाऱ्याची. उद्या नोकरी गेली तर दुसऱ्या साहेबासमोर नाव सांगेपर्यंत साहेब जेवायला जाईल." मग स्टोव्ह पेटवलात, ज्योत निळी झाल्यावर खूश होऊन म्हणालात, "माझं काय, मला कुठेही उभा करा. तोंडाच्या जोरावर दोन घरं पोसेन."

तुम्ही हसत होतात. मी जवळ्यात मान घातली.

सोमवारी कार्ड लावलं. चार. एक. मग बोट थांबलं. मग सात. खट्ट. कार्ड लीनाकडे गेलं. तिने यादी बघितली आणि मला हाक मारली, "बाई, हा एक का सात?"

"सात."

"मला तर एक वाटतो. यादीवर नीट करून द्या ना, नाहीतर परत परत अडेल."

मी पेन्सिल घेतली आणि त्या आकड्याला कंबरपट्टा बांधला. माझ्या हाताने. तुम्ही शिकवलेला. त्यानंतर त्या कागदावर मूळचं काय होतं ते देवालाही वाचता आलं नसतं.

शुक्रवारी छापील यादी गेटवर लागली. तुम्ही साहेबांकडे गेलात. मी पॅसेजमध्ये होते, दार अर्धं उघडं. "साहेब, माझं नाव कसं आलं? मला चौदा वर्षं झाली." साहेबांनी यादीवर बोट फिरवलं. त्यांचीच यादी ती, त्यांच्याच हातची, पण आता छापून आली होती. म्हणाले, "सावंत, हे मशीनवर आलंय. मशीन चुकत नाही." आणि तुम्ही, ज्यांनी अख्ख्या कोकणाची हजेरी घेतली, ते "बरं साहेब" म्हणून बाहेर आलात. माझ्या शेजारून गेलात. मी सांगू शकले असते, तिथेच, आकडा वाचणारी मी आहे, मूळ कागद मागवा. ओठ हलले नाहीत. सांगितलं तर माझी खुर्ची जाणार होती, किंवा कुंभवड्याच्या सावंताची नोकरी जाणार होती, आणि घरात मग चूल कोणाच्या जिवावर? असा हिशेब मी तेव्हा केला असं नाही. आत्ता करतेय. तेव्हा नुसती उभी होते शाल घट्ट धरून.

आठवड्याने युनियनचा माणूस तुम्हाला हेड ऑफिसला नेणार होता, मूळ यादी बघायला. त्या सकाळी तुम्ही उठलाच नाहीत. "पोटात दुखतंय," म्हणालात, भिंतीकडे तोंड करून. मी ओवा दिला. तुम्ही गुमान चघळलात. युनियनचा माणूस दोनदा खालून हाका मारून गेला. परत कधी तुम्ही तो विषयच काढला नाहीत. मला मनातून बरं वाटलं, त्याची लाज अजून वाटते.

तोंडाच्या जोरावर दोन घरं पोसणार होतात ना? पहिली दोन वर्षं घाटकोपर ते मुलुंड कंपन्यांच्या गेटांवर फिरलात. सगळीकडे टाइमकीपर कमीच करत होते. मग असल्फ्याच्या दूध केंद्रावर लागलात. पहाटे बाटल्या वाटायच्या, नऊला घरी. तिथेही दुधाचं कार्ड बघायच्या आधी तुमची बाटली पुढे. "या मालवण, आज दोन?" पण नऊनंतरचा दिवस तुम्हाला पुरून उरायचा. गॅलरीत बसून खालून जाणाऱ्यांची गावं ओळखत बसायचात. मी संध्याकाळी कामावरून आले की मला मात्र "दमलात वैनी? बसा," म्हणून चहा तुम्ही करायचात. अकरा वर्षं मी तो चहा प्यायले. प्रत्येक घोटाला वाटायचं, आज सांगू. चहात साखर कमी आहे एवढंच सांगितलं.

आता आमच्या खोलीतही काय आलंय माहितीये? काचेचा डबा. टाइप केलं की अक्षरं काचेवर उमटतात, कार्डच नाही, भोक नाही, चुरा नाही. बारा बायांतल्या चार ठेवणार. यादी होतेय. कोण करतंय, कशावर करतंय, काही कळत नाही. माझं नाव असेलच. मला राग येत नाही, भीतीही नाही वाटत. पावसात छत्री उलटी झाली की माणूस नुसता उभा राहतो ना, तशी उभी आहे.

हे सगळं मी माझ्याबरोबरच नेणार होते, भावजी. पण तेराव्याला कुंभवड्याचा सावंत आला.

केस पांढरे झालेत त्याचे. नारळ आणि कोकमं घेऊन आला. माझ्या पाया पडायला वाकला, मी मागे सरले, म्हटलं, "अहो, मी काय केलं?" त्याला पहिला शब्द यायला वेळ लागला. मी थांबले. तुम्ही सांगितलं होतंत ना, त्याच्याशी बोलताना थांबायचं असतं.

"भाऊंनी मला त्या सोमवारीच सांगितलं होतं, गेटवर," तो म्हणाला. "हसत. आमच्या वैनी तुझी चौकशी करत होत्या रे, काय भानगड? मग शुक्रवारी यादी लागली. भाऊ आधी साहेबांकडे गेले. तिथून स्टोअरमध्ये आले, माझ्याजवळ बसले. मग म्हणाले, कुंभवडे, तुझा आणि माझा नंबर एकाच आकड्याने वेगळा आहे."

मी हातातला नारळ खाली ठेवला.

"मी म्हटलं, भाऊ, हेड ऑफिसला जाऊन बघा, माझा असेल तर माझा. ते हो म्हणाले. मग गेलेच नाहीत. मी विचारलं का, तर म्हणाले, वैनींच्या हातून चूक होत नाही. आणि म्हणाले, त्यांना कधी कळू देऊ नकोस." इथे तो अडला. खूप वेळ अडला. मग म्हणाला, "आज ते नाहीत, म्हणून सांगितलं. चुकलो का?"

मी नाही म्हटलं. जेवून जा म्हटलं. तो जेवला. त्याची तिसरी मुलगी आता पाचवीत आहे म्हणे.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं, आणि तुम्ही मला चहा देत होतात. मी सांगायची राहिले आणि तुम्ही विचारायचे राहिलात, एका गॅलरीत, समोरासमोर. साहेबांचं अक्षर तुमच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. मूळ कागद एकदा बघितला असतात तर क्षणात सांगितलं असतंत, एक की सात. म्हणूनच गेला नाहीत का? एक निघाला असता तर मी चोर ठरले असते आणि तो रस्त्यावर. सात निघाला असता तर निदान मला झोप लागली असती, भावजी. तेवढं तरी करायचं होतंत माझ्यासाठी.

पण हे मी कोणाला म्हणतेय? आता ती यादी कुठे, साहेब कुठे, फोर्टातलं ते कपाट तरी आहे की नाही. मला एक की सात ते नाही कळलं तरी चालेल. दुसरंच एक विचारायचंय, आणि ते सांगणारं या घरात आता कोणी नाही.

त्या सकाळी तुमच्या पोटात खरंच दुखत होतं का?